पुण्याच्या नर्सरीत बोन्साय शिका, पण परभणीच्या मे महिन्यासाठी

ताई, तुमच्या पोस्टमधले प्रश्न तीन. प्रदर्शनातून तीन हजारांना आणलेल्या फायकसची (वडाच्या जातीचं बोन्साय) पानं आठ दिवसांत झडली, ते मेलं का? पुण्याकडच्या बोन्साय नर्सरीचा दोन दिवसांचा वर्ग करावा का? आणि परभणीच्या उन्हात हा उद्योग जमतो तरी का? मी लातूरचा. चौदा वर्षं झाली या नादाला. गच्चीवर सध्या एकतीस झाडं आहेत, मेलेली मोजायचं सोडून दिलंय. फायकसचं शेवटी सांगतो, कारण त्याला आज काहीच करायचं नाहीये. आधी वर्गाचं.

मीही दोन दिवसांच्या वर्गानेच सुरुवात केली होती. रोप देतात, कात्री देतात, फांद्यांना वळण द्यायला तार गुंडाळायला लावतात, ट्रेमध्ये, म्हणजे बोन्सायच्या उथळ कुंडीत, बसवून संध्याकाळी हातात ठेवतात. फोटो झकास येतो. माझं ते झाड नऊ दिवस टिकलं. एकाच दिवशी मुळं कापलेली, फांद्या छाटलेल्या, तार घातलेली, वर रात्रभर ट्रॅव्हल्सच्या डिकीत, अन् सकाळी उतरलो ते मे महिन्यातल्या लातुरात. वर्ग घेणाऱ्या नर्सरीच्या मॅडमना फोन केला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पुढच्या रविवारी या, पण शिकायला म्हणून येऊ नका, मामांच्या हाताखाली काम करा.

मामा म्हणजे नर्सरीत पाणी घालणारे. पहिले तीन रविवार मी विटांचा चुरा चाळला. चौथ्या रविवारी मामांनी झारी दिली आणि लगेच परत काढून घेतली, कारण मी एका टोकापासून सुरू होऊन सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी घालत निघालो होतो. त्यांनी एक ट्रे उचलून माझ्या हातात दिला, मग शेजारचा दिला. दोन्ही एकाच मापाचे, पण दुसरा चांगला जड. "याला तहान नाही," म्हणाले. मातीच्या कुंडीवर बोटाच्या पेराने टकटक करून दाखवलं. कोरडी कुंडी खणखणीत वाजते, ओली ठप्प बोलते. ज्या कुंड्यांबद्दल शंका, त्यांत विझलेल्या अगरबत्तीची काडी खोचलेली असायची. काडी काढायची, गालाला लावायची. गार लागली तर पुढे चला. पाणी घालताना ते आधी एक हलका हात फिरवायचे, माती जरा ओलावली की माघारी येऊन तळाच्या भोकांतून पाणी निथळेपर्यंत घालायचे. एकदम कोरडी झालेली माती पहिलं पाणी पीतच नाही, कडेकडेने सोडून देते. आपल्याला वाटतं, घातलं.

जपानी बागवानांत म्हण आहे की पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षं जातात. मला दीड वर्ष लागलं, तेही अर्धवट. म्हणून वर्गाबद्दल माझं मत असं: दोन दिवसांत कात्री धरणं, तारेचा ४५ अंशाचा वेढा, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची तार निवडणं, एवढं जमतं आणि ते उपयोगीच आहे. पण पैसे भरण्याआधी एकच विचारा, नंतर वर्षभर अधूनमधून नुसतं कामाला येऊ द्याल का? हो म्हणाले तर जा. आणि नर्सरी बघायला गेलात तर पुढच्या कट्ट्यावरची सजवलेली झाडं बघू नका, मागच्या अंगाला जा. तिथं जमिनीत लावलेले जाड बुंधे, अर्धवट कापलेली, बोडकी, बेढब झाडं दिसली पाहिजेत. बुंधा जमिनीत जाड होतो, ट्रेमध्ये नाही. मागे काहीच नसेल तर ती नर्सरी नाही, दुकान आहे.

आता आपल्याकडचं. तोक्योच्या बोन्सायवाल्यांचं १९२३ च्या भूकंपानंतर शहरात बस्तान राहिलं नाही, तेव्हा ते चांगली माती, पाणी आणि मोकळी जागा शोधत तोक्योजवळच्या ओमियाला गेले. १९२५ मध्ये तिथं त्यांचं अख्खं बोन्साय गाव वसलं. माती-पाण्यासाठी गाव बदलणारी माणसं ती. आपल्याला ते शक्य नाही, तेव्हा नर्सरीतून हात शिकून यायचं आणि माती, पाणी, वेळापत्रक आपलं आपण बसवायचं.

मातीपासून धरा. आपली काळी माती कापसाला, तुरीला सोनं. ट्रेमध्ये मात्र ती विष. ओली झाली की फुगते, हवा कोंडते, मुळं सडतात. वाळली की आक्रसून ट्रेच्या कडेपासून सुटते, भेगा पडतात, बारीक मुळं तुटतात. पुण्यात मॅडम बारीक खडी बरीच घालायच्या. मी तसंच केलं आणि एप्रिलमध्ये दिवसातून तीनदा पाणी घालत बसलो, कारण खडी पाणी धरत नाही. वीट धरते. आता मी दोन भाग विटांचे तुकडे अन् एक भाग कुजलेला पालापाचोळा किंवा जुनं शेणखत घेतो, खडी नावाला. वीट पक्की भाजलेली हवी. पिवळट, कच्च्या विटेचा दोन पावसांत चिखल होतो. फोडून आधी डाळीच्या चाळणीने मोठे तुकडे काढा, मग पिठाच्या चाळणीने धूळ काढा. मधलं, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतचं, तेवढं ठेवा. धूळ काढायचा कंटाळा केला तर सगळी मेहनत वाया, ती तळाशी बसून भोकं बुजवते.

ट्रे उथळ नको. चित्रातले दीड-दोन इंची ट्रे आपल्या मे महिन्यात तव्यासारखे तापतात, वरचं झाड हिरवं असतानाच खाली मुळं भाजतात. चार-पाच इंच खोली घ्या. दिसायला थोडं जडशीळ दिसतं, दिसू द्या. मार्च सरता सरता ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट बांधायची, पश्चिमेची भिंत टाळायची, कुंड्यांखाली ओलं गोणपाट. पाणी सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर. पाईपातलं पहिलं पाणी बादलीत सोडून द्या. दोन वर्षांपूर्वी लगीनसराईत आम्ही दोन दिवस गावाला गेलो. शेजारच्या पोराने इमानदारीने पाणी घातलं, पण दुपारी एकला, गच्चीवरच्या काळ्या टाकीचं. हाताला चटका बसेल असं. सात वर्षांची चिंच गेली. त्याला अजून सांगितलेलं नाही.

आणि बोअरचं पाणी. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते, नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते हेच. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पाणी एकदा तपासून घ्या, नेमका आकडा कळलेला बरा. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवा, दर पंधरा दिवसांनी त्याने कुंडी भरपूर निथळून काढा. एसीतून ठिबकणारं पाणी चालतं. आरओ मशीन बाहेर टाकतं ते चालत नाही, कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं तर अजिबात नाही. त्या दोन्हींत क्षार साठलेले असतात.

पाण्यावरून २०१६ चा उन्हाळा सांगायलाच हवा. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं. आमच्या गल्लीत टँकरला घागरी लागलेल्या अन् मी वर शोभेच्या झाडांना पाणी घालणार? शरम वाटायची. तेव्हा तेवीस झाडं होती. मी ट्रे काढले आणि मित्राच्या मळ्यात लिंबाच्या सावलीला, झाडं मुळांच्या गड्ड्यासकट जमिनीत पुरली. वरून उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कॅनमध्ये भरून दोन दिवसांआड तेवढंच. जमिनीत मुळांना गारवा मिळतो, ट्रेपेक्षा कितीतरी कमी पाण्यात भागतं. सोळा वाचली. वर पुढच्या दोन वर्षांत जमिनीतच राहिलेल्या वडांचे बुंधे असे जाडावले की मॅडमनी फोटो मागवून घेतले. तेव्हापासून दुष्काळाची चाहूल लागली की मी हेच करतो.

वेळापत्रकाचं म्हणाल तर कुंडी बदलणं, मुळं छाटणं ही कामं वड-पिंपळाच्या जातीला मृग लागून एक-दोन दमदार पाऊस झाले, हवेत ओल आली की करा. पुण्याकडे कुणी फेब्रुवारीतही करतात. आपल्याकडे त्यानंतर लगेच झळा सुरू होतात, नव्या मुळांना वेळच मिळत नाही. तार घातली असेल तर पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. माझ्या एका वडात सहा आठवड्यांत तार सालीत रुतली, वळ अजून दिसतात. तार उलगडत बसू नका, तुकडे कापून काढा. आणि परभणीचा गारठा आमच्यापेक्षा कडक, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबली की पाणी कमी करा. थंडीत ओली राहिलेली माती उन्हाळ्याइतकीच झाडं मारते.

झाडं कोणती, तर वड, पिंपरण, चिंच, विलायती चिंच, बोगनवेल, बोर. जेड तर इतकं सोशिक की त्यावर पाणी कमी घालायला शिकावं. पिंपळही होतो, पण पानाचा देठ लांब असल्याने आकार बसवायला जीव जातो. गच्चीच्या कठड्यात, मोरीच्या पाईपजवळ कावळ्या-चिमण्यांच्या कृपेने उगवलेली वड-पिंपळाची रोपं फुकट मिळतात, पहिल्या पावसात अलगद काढा. (जुन्या वेशी, बारवा, किल्ले यांच्या भिंतींतली उपटू नका, दगड हलतो.) चिंचेची पानं मुळातच बारीक, त्यामुळे लहानपणीच म्हातारं झाड दिसतं. माझ्या एकीला फूटभर उंचीवर शेंगा धरल्या होत्या, पूर्ण मापाच्या! पान लहान होतं, फळ होत नाही. सासूबाई "झाडाचे हाल" म्हणतात असं लिहिलंय ना, त्यांना ती शेंग दाखवायला हवी होती. ज्युनिपर मात्र घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. तो मेल्यावरही महिना-दीड महिना हिरवा दिसतो, आपण पाणी घालत राहतो. मी दोनदा फसलोय.

आता तुमचा फायकस. तो एस आकाराचा, बाहेरून येणारा प्रकार आहे. जागा बदलली की पानं टाकणं हा त्याचा स्वभावच. आधी प्रदर्शनाच्या मांडवात, मग तुमच्या हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीशेजारी, पानं टाकणार नाही तर काय करणार? नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर असेल, पांढरा चीक आला, तर जिवंत आहे. खोडावर टोकाकडून खाली अशी दोन-तीन ठिकाणी खूण करून बघा, कुठपर्यंत वाळलंय ते कळेल. मग पूर्वेच्या गॅलरीत, सकाळचं दोन तास ऊन अन् पुढे सावली, अशा जागी ठेवा आणि तिथून हलवू नका. खत नाही, कुंडी बदलणं नाही, छाटणी नाही. पानं नाहीत म्हणजे पाणीही कमी लागतं. इथेच बहुतेक जण घाबरून जास्त पाणी घालतात आणि जिवंत झाड कुजवतात. त्याच्या मातीवर चिकटवलेले पांढरे गोटे असतील तर ते उचकटून काढा, त्याखाली ओल कळत नाही.

आज अगरबत्तीची काडी खोचा. चार दिवस सकाळी ती गालाला कशी लागली ते इथे लिहा, आणि खरवडलेल्या जागेचा फोटो टाका. तार आणली असेल तर ती दिवाळीपर्यंत कपाटातच राहू द्या.