हरकत लिहिण्याआधी हजेरीपट बघ

वाळूज, रविवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

औद्योगिक संबंध संहितेच्या नियमांवर हरकत म्हणून लिहिलेला तुझा मसुदा मिळाला. भाषा झकास आहे, वकिली शिकल्याचं दिसतं. पण ‘कामगारविरोधी’ हा शब्द मोजला, सतरा वेळा आलाय. सरकारी टेबलावर त्याला वजन नसतं गं. तिथं कलम लागतं, कुठला शब्द काढून कुठला घालायचा ते लागतं.

हे मी तोंडघशी पडून शिकलो. फार वर्षांपूर्वी एका मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या. आम्ही मुंबईहून आलेलं निवेदन जसंच्या तसं टाइप करून घेतलं, युनियनचा शिक्का मारला आणि कचेरीत नेऊन दिलं. पावती देता देता कारकुनानं विचारलं, “यातली तुमची हरकत कोणती?” मला एक सांगता येईना. त्याला चहा पाजला आणि निघालो.

औद्योगिक संबंध संहिता 2020 मध्ये 1926 चा कामगार संघटना, 1946 चा स्थायी आदेश आणि 1947 चा औद्योगिक विवाद असे तीन कायदे एकत्र झाले. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू आहे. म्हणून आता नियमांवर नजर ठेव. नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करायचा, ही अट संहितेतच आहे. हरकत घेतोय म्हणजे कुणाकडं याचना करत नाही आपण.

तू 300 च्या आकड्यावर बरोबर बोट ठेवलंस, पण अर्ध्यावर थांबलीस. कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी पूर्वी 100 कामगारांपासून लागायची, आता 300 पासून लागते. 2019 च्या विधेयकातही 100 च होते, फक्त सरकारला अधिसूचनेनं ते बदलता येणार होते. संसदेच्या स्थायी समितीनं सांगितलं, 300 करायचे तर संहितेतच लिहा. लिहिले. शेपूट मात्र तसंच राहिलं: अधिसूचना काढून आकडा आणखी वाढवता येतो, त्यासाठी संसदेत जायला नको. माझी खरी भीती त्या शेपटाची.

आता हजेरीपट. एखाद्या कारखान्यात 51 टक्के कामगार ज्या युनियनचे, तीच एकटी वाटाघाटीला बसणार. तेवढे कुणाकडंच नसले तर 20 टक्क्यांमागे एक जागा अशी युनियनांची वाटाघाटी परिषद. आपल्या 1971 च्या राज्य कायद्यात मान्यतेला सहा महिन्यांची किमान 30 टक्के सभासदसंख्या पुरायची. पण नव्या संहितेतले टक्के कशाचे? हजेरीपटाचे. सकाळी साडेसहाला गेटवर उभी राहून बघ. कायम माणसं कंपनीचं कार्ड पंच करतात आणि कंत्राटी पोरं शेजारच्या खिडकीशी, सुपरवायझरच्या वहीत सही करतात. लाइन तीच, बोल्ट तोच. मग ती पोरं कुणाच्या पटावर? हा प्रश्न तुझ्या मसुद्यात कुठंच नाही, आणि वाळूजमधल्या माणसानं विचारायचा तर पहिला हाच.

(ऊसतोडवाल्यांचं तर काय सांगू. तू अंबाजोगाईकडची, तुला माहीतच आहे. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत असते आणि मालक विचारला की कारखाना मुकादमाकडं बोट दाखवतो.)

संपाचं थोडक्यात लिही. 14 दिवसांची नोटीस आता सगळ्याच कारखान्यांना लागते, आणि समेटाची कार्यवाही (सरकारी अधिकाऱ्यासमोरची तडजोडीची बोलणी) चालू असताना संप करता येत नाही. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी मिळून किरकोळ रजा टाकली तरी तोही संपच धरतात. ही शेवटची गोष्ट गेट मीटिंगमध्ये मोठ्यानं सांग, कारण रातपाळीची पोरं अजून ‘सामुदायिक रजा टाकू’ म्हणतात आणि त्यात काही अडचण नाही असं समजतात.

नऊ पानांची तीन कर. बुधवारी संध्याकाळी युनियन कचेरीत ये, पहिल्या पानावर दोघं बसू. येताना त्या सुपरवायझरच्या वहीच्या एका पानाचा फोटो मिळाला तर घेऊन ये, नावं झाकून.

तुझा काका