पेरणी आटोपल्यावर नको, याच आठवड्यात न्या

ताई, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते. सात एकर कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर. मुलीला मागच्या महिन्यात अठरा पूर्ण झाली, बारावीला ७१ टक्के मिळाले. पण ती मोबाइलच्या पार आहारी गेली आहे. रॅम्पवर चालणाऱ्या त्या काडीसारख्या मॉडेल रात्री बारा-एकपर्यंत पाहत राहते. जेवण जवळजवळ सोडलंच. चतकोर भाकर, वरणावरचं तेलही चमच्यानं काढून टाकते. विचारलं तर "मले भूक नाई" एवढंच. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपवास धरते. आधी वाटलं, पोरगी देवाधर्माला लागली. केस गळतात. मे महिन्यातही चादर घेऊन झोपली. बसस्टँडवर एकदा चक्कर येऊन पडली. मार्चपासून पाळी नाही. आधी असं नव्हतं. दिवाळीच्या वेळी पहिल्या वेच्याचा कापूस मोजताना तिच्या बाबांनी गमतीनं तिला काट्यावर उभं केलं होतं, तेव्हा ५८ किलो भरली होती, सगळे हसलो होतो, लहान्यानं व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला होता. आता तोच काटा ४४ दाखवतो. रोज उठून आधी त्याच्यावर उभी राहते. उंची पाच फूट तीन इंच. नातेवाईक म्हणतात, पोरगी आता उठून दिसते, स्थळं पाहा. या मॉडेलांवर सरकार बंदी का घालत नाही? मोबाइल काढून घेऊ का? पेरणी आटोपली की दवाखान्यात नेईन म्हणते. तोवर तिला कसं समजावू?

– एक आई

बाई,

पत्र मोबाइलनं सुरू झालं आणि मोबाइलवर संपलं. मधे एका वाक्यात तुम्ही दिवाळीची गोष्ट सांगून टाकली, तीही केवळ वजन कधी किती होतं हे कळावं म्हणून. त्या वाक्यापुढे मला जाता येईना.

कापूस मोजायची वेळ मला माहीत आहे. दिवस मावळायला आलेला असतो, वेचणाऱ्या बाया आपापलं गाठोडं घेऊन अंगणात बसलेल्या असतात, कोणाचे किती किलो भरले ते मोठ्यानं सांगितलं जातं आणि किलोमागे पैसे ठरतात. त्या काट्यावर जे चढतं त्याचा हिशेब होतो. तिथे तुमच्या पोरीला तिच्या बापानं उभं केलं आणि तिचा आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हटला. ते आणखी काय बोलले ते तुम्ही लिहिलं नाही. पण काहीतरी बोलले असणार, नुसत्या आकड्याला कोणी हसत नाही. मग लहान्यानं ते स्टेटसला ठेवलं. म्हणजे मामाकडे गेलं, आत्याकडे गेलं, गावातल्या पोरांकडे गेलं, तिच्या कॉलेजातही पोहोचलं असेल. आणि तुम्हीही हसलात, हे तुमच्याच अक्षरात लिहिलं आहे.

तुम्हाला वाटतं, रात्री एक वाजता ती पॅरिसच्या मॉडेल पाहते. पाहत असेल. पण ज्या पोरीनं स्वतःला गावाच्या मोबाइलवर काट्यावर उभं पाहिलं आहे, ती त्या मॉडेलकडे कोणत्या नजरेनं पाहत असेल याचा एकदा विचार करा. इन्स्टाग्राम ज्या कंपनीचं आहे तिनं स्वतःच मुलींना विचारून पाहिलं होतं आणि ते कागद २०२१ मध्ये बाहेर आले. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत होतं, त्यांच्यातल्या ३२ टक्के म्हणाल्या की इन्स्टाग्राम पाहून ते आणखी वाढतं. तुमच्या घरी वाईट वाटायला सुरुवात अंगणात झाली, मोबाइल त्यावर नंतर बसला.

आणि ती जाड नव्हतीच. पाच फूट तीन इंचाला ५८ किलो म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा डॉक्टर काढतात, ज्याला बीएमआय म्हणतात, तो साधारण २२.७ येतो. आपल्याकडे साडेअठरा ते तेवीस निरोगी धरतात. चांगली, धडधाकट पोरगी होती तुमची. आज तो आकडा १७.२ आहे.

बंदीचं विचारलंत म्हणून सांगते. बंद्या आहेत, आणि मॉडेल मेल्यावर आल्या. ऑगस्ट २००६ मध्ये उरुग्वे देशातली २२ वर्षांची लुइसेल रामोस रॅम्पवरून उतरली आणि तिथेच हृदय बंद पडून गेली. पुढच्या महिन्यात स्पेनमधल्या माद्रिदच्या फॅशन सप्ताहानं बीएमआय १८ च्या खाली असलेल्या मॉडेलांना परत पाठवलं. नोव्हेंबरात ब्राझीलची आना कारोलिना रेस्तोन गेली, २१ वर्षांची. फेब्रुवारी २००७ मध्ये लुइसेलची धाकटी बहीण एलियाना गेली, तीही मॉडेल, १८ वर्षांची. इस्रायलनं २०१३ पासून बीएमआय साडेअठराच्या खाली असलेल्या मॉडेलांना जाहिरातीत घ्यायला मनाई केली. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरांचा दाखला लागतो आणि जाहिरातीतल्या फोटोत शरीर बारीक करून दाखवलं असेल तर तसं छापावं लागतं. म्हणजे ज्या रॅम्पवरच्या पोरींना पाहून तुमची लेक उपाशी राहते, त्या माद्रिदच्या रॅम्पनं तिला आज दारातूनच परत पाठवलं असतं. यातला एकही कायदा तुमच्या ओसरीत येऊन तो काटा उचलणार नाही. ते तुमचं काम आहे.

आता फिजीचं ऐका, कारण ते आपल्या खेड्यासारखंच आहे. ही पॅसिफिक समुद्रातली बेटं. तिथे अंगापिंडानं भरलेली बाई चांगली मानत, पोरगी वाळली तर घरच्यांना घोर लागायचा. आपल्याकडेही आजी म्हणायचीच ना, पोरगी किती वाळली, तिला दूध द्या. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोहोचला. ॲन बेकर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी त्या वर्षी शाळेतल्या मुलींना विचारलं, तेव्हा वजन घटवायला ओकारी काढणारी एकही नव्हती. १९९८ मध्ये पुन्हा विचारलं, तर ११.३ टक्के निघाल्या. पण मला त्या आकड्यापेक्षा त्या मुली जे बोलल्या ते जास्त महत्त्वाचं वाटतं. टीव्हीतल्या बारीक बायांना नोकऱ्या आहेत, त्यांचं आयुष्य वेगळं आहे, आपणही तशा झालो तर आपल्यालाही काही मिळेल, असं त्यांना वाटत होतं. नटण्यामुरडण्याचा तो हट्ट नव्हता. पुढे जायचं होतं त्यांना.

तुम्ही मला तिचे ७१ टक्के सांगितले. पुढे तिला काय शिकायचं आहे ते सांगितलं नाही. स्थळांचं मात्र सांगितलं. चौदा किलो घटल्यावर घरात पहिल्यांदा तिचं कौतुक झालं असेल आणि ते नातेवाइकांनी केलं असेल, तर ती भाकर का मोडेल? पोरगी आजारी पडत चालली आहे आणि लोक तिला शाबासकी देत आहेत. तुम्ही त्यांना थांबवलं का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

उपवासाचं मी तुम्हाला बोल लावत नाही, तिथे कोणतीही आई फसली असती. आपल्या घरात न जेवण्याला प्रश्न विचारला जात नाही अशी तीच एक जागा आहे, आणि ती तिनं शोधून काढली. हुशार आहे पोरगी.

पण पेरणी आटोपल्यावर, हे वाक्य मी चालू देणार नाही.

मार्चपासून पाळी न येणं, उन्हाळ्यात थंडी वाजणं, केस गळणं, चक्कर येऊन पडणं, या चार वेगळ्या तक्रारी नाहीत. पोटात अन्न जात नाही तेव्हा शरीर एकेक काम बंद करत जातं. आधी पाळी थांबवतं, कारण जगायला ती लागत नाही. अंग ऊब धरत नाही. नाडी मंद होते. हाडं भरायचं हेच वय असतं, ती भरणं थांबतात आणि पुढे ते पूर्ण भरून निघेल याची खात्री नसते. चोरून ओकारी काढत असेल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असेल तर रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचा ठोका चुकतो. या सगळ्याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात की आणखी काही, ते डॉक्टर ठरवतील, मी नाही. पण मनाच्या आजारांत जे आजार सर्वांत जास्त माणसं नेतात, त्यांत हा येतो. समजावण्यानं तो बरा होत नाही. तुम्ही "खा, खा" म्हणाल आणि ती ताट गाईला घालेल.

म्हणून याच आठवड्यात न्या. मृगाचा पाऊस कोणासाठी थांबत नाही, हे मला पुरतं कळतं. बियाणं घरात येऊन पडलं असेल, मजूर सांगून ठेवले असतील. तरीही एक दिवस काढा. पेरणीचा सरता तुमच्याऐवजी दुसरी बाई धरेल, पोरीला न्यायला दुसरी आई येणार नाही. आणि परत एकदा चक्कर आली, छातीत धडधडलं, तर आठवडाही थांबू नका, त्याच घटकेला निघा.

जवळच्या ग्रामीण रुग्णालयात गेलात तर "अशक्तपणा आहे" एवढं सांगून थांबू नका. आपल्याकडे दर दुसरी बाई रक्तानं कमी असते, त्यामुळे लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवणं सोपं जातं. तुम्ही स्वतः तोंडानं सांगा: सात महिन्यांत ५८ वरून ४४, मार्चपासून पाळी नाही, चक्कर येऊन पडली, मुद्दाम जेवत नाही. रक्तातले क्षार तपासा आणि ईसीजी काढा, हे मागून घ्या. तिथून यवतमाळच्या सरकारी मेडिकलला किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभागात जायची चिठ्ठी घ्या. मानसोपचार म्हटलं की गावात बोलतील. बोलू द्या, त्यांनी व्हिडिओही पाहिलाच होता. जायच्या आधी कोणाशी बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आणि घाबरून एकदम तूप-लाडू भरवायला बसू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला अन्न बेतानं, डॉक्टर सांगतील तसं वाढवावं लागतं, एकदम भरलं तर जिवावर बेततं.

निघायच्या आधी मात्र एक बोलायचं आहे, आणि ते तुम्हीच बोलायचं. तिला जवळ बसवा, दुसरं कोणी नको. सांगा, "त्या दिवशी बाबांनी तुले काट्यावर उभं केलं तवा मीबी हासली. मी तवाच बोलाले पाह्यजे होतं. माहं चुकलं." एवढंच. त्याच्यामागे "पण तू पण" असं काही जोडू नका. बाबांचा स्वभावच तसा, असं सांगून त्यांना वाचवू नका. ती कदाचित रागावेल, उठून जाईल, कदाचित म्हणेल की तसं काही नाहीच. जाऊ द्या. तिच्या मनात ती संध्याकाळ सात महिने एकटीनं घोळत असेल, ती कोणीतरी दुसऱ्यानं मोठ्यानं म्हणायला हवी, आणि बापाच्या आधी तुम्ही म्हणायला हवी. कारण ती त्या वेळी तुमच्याच तोंडाकडे पाहत असणार.

मोबाइल काढून घेऊ नका. आज तो हिसकावलात तर ती उद्या दवाखान्यात यायला नाही म्हणेल.

तिच्या बाबांना मी वेगळं काही लिहीत नाही, हेच वाचून दाखवा. त्यांनी मुद्दाम केलं असं मी मानत नाही, पण त्यानं पोरीला काही फरक पडत नाही. आजपासून घरात कोणाच्याच अंगावर बोलायचं नाही, जाडी नाही, काडी नाही, बारीक झाली म्हणून छानही नाही. स्थळ घेऊन येणाऱ्याला दारातच चहा पाजून परत पाठवा. काटा दिवाळीपर्यंत लागत नाही, तो शेजाऱ्याच्या गोठ्यात टाकायला सांगा, कुलूप लावून. वजन आता डॉक्टर घेतील. लहान्याच्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ अजून असेल. स्टेटस दुसऱ्या दिवशी जातं, व्हिडिओ गॅलरीत राहतो. तुमच्यासमोर पुसायला लावा, आणि ज्यांना पाठवला त्यांनाही पुसायला सांगायला लावा.

मला पुन्हा लिहायचं असेल तर दवाखान्यातून आल्यावर लिहा. आणि त्या पत्रात तिला पुढे काय शिकायचं आहे, ते तिलाच विचारून लिहा.