पणजीत रस्त्यांच्या देखभालीचा खर्च कसा ठरतो आणि खड्डे पावसानंतरच का बुजवले जातात?

आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे लागते, कारण पणजी महानगरपालिका २००२ च्या कायद्याने आणि म्हापसा, मडगाव येथील नगरपालिका १९६८ च्या कायद्याने चालत असल्या, तरी शहरांतले बरेच मुख्य रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. त्यामुळे एकाच नाक्यावरच्या दोन खड्ड्यांचे पैसे दोन वेगळ्या अर्थसंकल्पांतून येऊ शकतात, आणि तक्रारदाराची निम्मी दमछाक इथेच होते.

पालिकेच्या तिजोरीत घरपट्टी, व्यापारी परवान्यांचे शुल्क, राज्याचे अनुदान आणि वित्त आयोगाचा निधी जमा होतो. पगार व कचरा व्यवस्थापनाचा खर्च टाळता येत नसल्याने, कात्री बहुधा देखभालीलाच लागते. अभियंते रस्त्यांची पाहणी करून अंदाजपत्रक तयार करतात, त्याला तांत्रिक व प्रशासकीय मंजुरी मिळाली की निविदा निघते. रस्ता दोषदायित्व कालावधीत, म्हणजे काम झाल्यावर त्यातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते त्या ठरावीक काळात असेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते; म्हणून तक्रार करताना रस्ता केव्हा झाला हे अवश्य विचारावे.

राहिला प्रश्न वेळेचा. जून ते सप्टेंबर पृष्ठभाग ओला असतो आणि हॉटमिक्स डांबर त्याला नीट धरत नाही. चवथीच्या तोंडावर घाईने केलेली मलमपट्टी म्हणूनच टिकत नाही. खरे डांबरीकरण ऑक्टोबर ते मे या काळातच होते, परंतु आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्याने मंजुरी लांबली की पावसाआधीचा, एप्रिल-मेमधला कोरडा महिना-दीड महिना कागदांतच जातो.