डिजिटल स्क्रॅपबुक: पहिलं पान अडतंय कुठे?

डिजिटल स्क्रॅपबुक म्हणजे आपली फोटो चिकटवायची सजवलेली वहीच, फक्त कात्री-फेविकॉलच्या जागी माऊस. तुमचे प्रश्न बरेच आलेत, त्यातले सारखे सारखे एकत्र करून घेतलेत.

लेकीच्या बारशाचे दोनेकशे फोटो आहेत. फोटोशॉप येत नाही, लॅपटॉप जुनाय. कशात करू?

सॉफ्टवेअर विकत घेऊ नका अजिबात, आधी चार पानं होऊ देत. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे, कडेला जाहिराती दिसतात तेवढं सहन करायचं, आणि फोटोशॉपची पीएसडी फाइलपण उघडते त्यात. मोबाइलवरच करायचं असेल तर कॅनव्हा, पण तिथे तयार डिझाइनच्या मोहात पडलात की तुमचं पान आणि शेजारणीचं पान सेम टू सेम दिसणार. आणि ताई, दोनशे फोटो घेऊन बसू नका. तीन निवडा. एक मोठा, दोन छोटे, बास.

पानाचा साइज काय ठेवायचा? प्रिंट काढली तर फोटो फाटलेले येतात.

कागदी स्क्रॅपबुकचं नेहमीचं माप १२ बाय १२ इंच, तेच इथे चालत आलंय. ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर ३६०० बाय ३६०० पिक्सेल होतात, फाइल उघडतानाच हे आकडे टाका, नंतर ताणून मोठं करायला गेलात की सगळं धुरकट होतं.

पण तुमचा घोळ बहुतेक फोटोतच आहे. फॅमिली ग्रुपवरून उतरवलेत ना? व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं. लांब बाजू १६०० पिक्सेल उरली असेल तर ३०० डीपीआयने छापून जेमतेम सव्वापाच इंच होते, आणि तुम्ही तो अख्ख्या पानभर ताणताय! ज्याने काढलाय त्याला म्हणा, डॉक्युमेंट म्हणून पाठव किंवा ड्राइव्हची लिंक दे. मामेभाऊ कंटाळा करेल, दोनदा फोन करा.

सगळं नीट लावते तरी पान फ्लेक्ससारखं का दिसतं?

हा प्रश्न मला फार आवडला, कारण माझी पहिली पानं भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखीच होती. फुलं, फुलपाखरं, चार रंगांची अक्षरं आणि मधे कुठेतरी बिचारं बाळ.

दोन गोष्टी बघा. पहिली सावली. खऱ्या वहीत कागद जेमतेम उचललेला असतो म्हणून त्याची सावली अगदी बारीक, बटण किंवा फूल जाड म्हणून त्याची जास्त पसरट. तुम्ही सगळ्याला एकच ठोकळेबाज काळी सावली देताय. आणि उजेड एकाच बाजूने आला पाहिजे, फोटोची सावली उजवीकडे अन् रिबनची डावीकडे असं झालं की काय चुकलंय ते कळत नाही पण डोळ्याला खटकतं.

दुसरी रंग. बाहेरून आणू नका, फोटोतूनच उचला. बारशाच्या फोटोत पाळण्याला झेंडूची माळ आहे, आत्याच्या साडीचा काठ हिरवाय, तर आयड्रॉपरने, म्हणजे रंग उचलायच्या टूलने, तो केशरी आणि तो हिरवा घ्या, मागचा कागद फिका ठेवा. निम्मं पान तिथेच जमतं. फोटो गोल किंवा पाकळीच्या आकारात बसवायचा तर क्लिपिंग मास्क, म्हणजे आकाराबाहेरचा भाग नुसता झाकणारा साचा लावा, खोडरबरने कडा खोडत बसू नका, मास्क कधीही काढता येतो, खोडलेलं परत येत नाही.

आईच्या लग्नाचा अल्बम चिकट पानांचा आहे, फोटो निघतच नाहीत.

ओढू नका! वरचा प्लास्टिकचा पापुद्रा अलगद उचलता आला तर उचला आणि अख्खं पानच स्कॅनरवर पालथं घाला. ६०० डीपीआय ठेवा, म्हणजे ३ बाय ४ इंचाचा छोटा फोटोसुद्धा दुप्पट मोठा छापता येतो. सुटे फोटो असतील तर मागची बाजूपण स्कॅन करा, तिथे कुणीतरी तारीख लिहिलेली असते.

मराठी मजकूर कसा लिहायचा? माझा फॉन्ट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरताय, युनिकोड घ्या. मुक्ता, बालू, कलम हे फुकट मिळतात, कलम हाताने लिहिल्यासारखा दिसतो. पण खरं सांगू, आजी हयात असेल तर तिच्याकडूनच दोन ओळी लिहून घ्या. पांढरा कागद, काळं पेन. स्कॅन करून फोटोवर ठेवा आणि त्या लेअरचा, म्हणजे वरच्या थराचा, मोड मल्टिप्लाय करा, पांढरं आपोआप गायब, अक्षरं तेवढी उरतात. माझ्या आजीचा ‘ळ’ जरा तिरकाच यायचा, तो कुठल्या फॉन्टमध्ये मिळणार?

लिहायचं काय, तर ‘गोड क्षण’ सोडून काहीही. कुणी कुठलं नाव सुचवलं, कुणाचं तोंड फुगलं, घुगऱ्यांत मीठ कमी पडलं, असलं लिहा.

शेवटी सेव्ह कशात करायचं?

दोनदा. लेअरसकट पीएसडी तुमच्यासाठी, जेपीजी प्रिंटवाल्यासाठी. नुसती जेपीजी ठेवलीत तर चुकलेली वेलांटीसुद्धा बदलता येणार नाही. पीएसडीची एक कॉपी लॅपटॉपबाहेरच्या ड्राइव्हवर.

आणि कडेला अर्धा इंच मोकळा सोडा, छापल्यावर कडा कापतात. मी सोडला नव्हता, त्यामुळे आमच्या पाटपाण्याच्या पानावर डावीकडे उभी असलेली मावशी आता फक्त कोपरापासून पुढे आहे, हातात वाटी. तिने ते पान बघितलं आणि म्हणाली, वाढायला मी चालते, फोटोत नको होय गं?