जायच्या आधी गच्चीवर काय करून ठेवायचं

तू विचारलंस, ऑक्टोबरात बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन म्युनिकला निघालोय, कळंब्याच्या घरावरचं हॅम स्टेशन (हौशी रेडिओ केंद्र) तिथून इंटरनेटवर चालवता येईल का? आणि शेवटी, दादा, करमतं का तिकडं? चार ओळींत उत्तर द्यायचं म्हणून बसलो होतो. दोन रात्री झाल्या, अजून लिहितोय.

व्हिसा, विमा, बँक यावर लिहीत नाही. ते सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे.

स्टेशन चालतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर उद्यमनगरात करून घेतलेला लोखंडी पाइप आहे, त्यावर ४० मीटर लांबीच्या लहरींसाठीचा डायपोल अँटेना, दोन्हीकडं दहा-दहा मीटर तार. इथं जर्मनीत भाड्याच्या घरात एवढी तार कोण ओढू देतंय! खाली खोलीत ७३०० रिग, म्हणजे रेडिओ संच, तिला यूएसबीनं जोडलेला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, त्यावर रिग लांबून चालवायचा प्रोग्रॅम, डब्ल्यूएफव्ह्यू.

तू अडकशील ते आयपीपाशी, म्हणजे घराच्या इंटरनेटवरच्या पत्त्यापाशी. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तो तुझ्या एकट्याचा नाही. बरीच घरं मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात आणि बाहेरून तुझ्या घराचं दार सापडत नाही. पोर्ट उघडत बसू नकोस, मी महिना घालवला. एक छोटा सर्व्हर भाड्यानं घे. घरातल्या पायनं स्वतःहून त्याला वायरगार्डनं (इंटरनेटवरची खासगी, सुरक्षित वाट) जोडून घ्यायचं आणि दर २५ सेकंदांनी एक पॅकेट पाठवत राहायचं, म्हणजे वाट बुजत नाही. पायला मेमरी कार्ड लावू नकोस, चार वेळा लाइट गेली की कार्ड मरतं, एसएसडी लाव. रिगच्या पॉवर सप्लायला वेगळं स्विच ठेव, ते मोबाइल डेटावरूनही बंद करता आलं पाहिजे. रिगमधला टाइम-आउट टायमर तीन मिनिटांवर लावून ठेव. प्रक्षेपण चालू असताना लाइन तुटली, तर रिग तशीच बोंबलत राहू नये.

आता प्रक्षेपणाचं. लहरी कोल्हापुरातून निघणार, म्हणजे लायसन्स आणि नियम भारतातले. जर्मनीतलं लायसन्स काढलंस तरी ते त्या गच्चीला लागू नाही. परदेशात बसून बटण दाबलेलं चालेल का, हे मी लायसन्स देणाऱ्या खात्याला लेखी विचारलं. एकदा विचारलं, सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं. उत्तर नाही. दुसऱ्या पत्रावर तर फक्त नावाच्या स्पेलिंगवर शेरा आला, कारण इथल्या कागदांवर माझ्या नावात बाबांचं नाव घुसलंय आणि लायसन्सवर ते वेगळं लिहिलंय. शेऱ्याला उत्तर दिलं, त्याचंही काही नाही. म्हणून मी फक्त ऐकतो. सहा वर्षं झाली.

सकाळी साडेसातला ४० मीटरवर आपल्या मंडळींच्या गप्पा सुरू होतात, तेव्हा इथं उन्हाळ्यात पहाटेचे चार, हिवाळ्यात तीन. मी हेडफोन लावून स्वयंपाकघरात बसतो. कधी कुणी माझा कॉलसाइन (रेडिओवरची ओळख) घेऊन विचारतं, "ऐकतोय का रे आज?" मी व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवतो. ते म्हणतात, "ऐकतोय, ऐकतोय." आणि पुढं सांगलीच्या कुणाच्या तरी अँटेनाच्या एसडब्ल्यूआरवर (अँटेना किती जुळलीय त्याचं माप) बोलणं सुरू होतं.

एकटेपणाचं विचारलंस. नोव्हेंबर जड जातो, दुसऱ्या वर्षापासून सवय होते. त्यावर अजून काही नाही.

मुलीचं मात्र नीट वाच. इथं बव्हेरियात चौथीतच वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम (विद्यापीठाकडं नेणारी शाळा), २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूल (त्याखालची, मधली शाळा). इथं १ म्हणजे सगळ्यात चांगली श्रेणी. माझ्या मुलीला गणितात १, परिसरात ३, जर्मनमध्ये ४. बरोबर २.६६. ती तिसरीत असताना आम्ही आलो होतो, वर्षभरात ती किती जर्मन शिकणार? बाहेरच्या देशातून मधेच आलेल्या मुलांची अडचण फक्त भाषेची असेल, तर ३.३३ पर्यंत सवलत मिळू शकते. हे मला दोन वर्षांनी कळलं. शाळेनं सांगितलं नाही, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. पण मी विचारलंही नव्हतं. त्या हिवाळ्यातले सगळे शनिवार-रविवार मी वायरगार्डवर घालवले. ती शेजारी बसून विचारायची, "बाबा, आजी ऐकू येते का यातून?" मी म्हणायचो, थांब जरा. तू चौथीच्या सुरुवातीलाच शिक्षिकेला भेट, ३.३३ हा आकडा तोंडानं उच्चार आणि आधी ते कर. स्टेशन नंतर.

आणि एक. तू तिकडं गेलास की स्टेशनला राखणदार लागतो. एप्रिल-मे मध्ये वळीव यायच्या आधी मला इथं दुपारी ऑफिसात स्टेशनवरून विजांची कडकड ऐकू येते. आईच्या डोक्यावर ढग यायच्या आत मला कळलेलं असतं. मी फोन करतो, "आई, केबल काढ." रिलेनं, म्हणजे लांबून चालणाऱ्या स्विचनं, अँटेना तोडता येते, पण विजेला ती फट म्हणजे काहीच नाही, केबल हातानंच काढून लांब ठेवावी लागते. आमचा जोड गच्चीच्या दारापाशी आहे. आई ७१ वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात ती ओल्या जिन्यावर घसरली, मनगट मोडलं. केबल मात्र काढलेली होती. मला तिनं सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी शेजारच्या काकूंकडून कळलं, आणि त्या तीन आठवड्यांत मी तिला आणखी दोनदा वर पाठवलं होतं.

त्यामुळं निघायच्या आधी अँटेनाची केबल, म्हणजे कोअ‍ॅक्स भिंतीवरून खाली आण, जोड तळमजल्यावर, बाहेरच्या बाजूला, उभ्या माणसाच्या हाताला येईल असा कर. अर्थिंगही तिथंच. दहा-बारा मीटर केबल जास्त लागेल, सिग्नल थोडा पडेल, पडू दे. माझा अजून वरच आहे. डिसेंबरात येतोय, तेव्हा पहिल्याच दिवशी ते काम करायचंय.