‘आध्यात्मिक आहे, धार्मिक नाही’

प्रश्न असा आहे : ‘मी आध्यात्मिक आहे, पण धार्मिक नाही’ हे वाक्य मराठीत चालतं का? आणि लिहायचं ‘अध्यात्मिक’ की ‘आध्यात्मिक’?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं. ‘इक’ प्रत्यय लागला की बहुधा पहिल्या स्वराची वृद्धी होते : समाज-सामाजिक, शरीर-शारीरिक, तसंच अध्यात्म-आध्यात्मिक.

पहिल्यात जास्त गंमत आहे. वाक्य चालतं, आता रुळलंही आहे. त्यात ‘आध्यात्मिक’ म्हणजे खासगी, एकट्याचं आणि ‘धार्मिक’ म्हणजे समूहाचं, असं धरलेलं असतं. पण ‘आध्यात्मिक’ची ‘धार्मिक’शी लावलेली ही कुस्ती इंग्रजीच्या आखाड्यातली. संस्कृतात त्याचे जोडीदार वेगळेच आहेत : आधिभौतिक (इतर प्राणी-वस्तूंशी निगडित) आणि आधिदैविक (देवादिकांशी निगडित). ‘अधि’ अधिक ‘आत्मन्’, म्हणजे स्वतःशी निगडित. आणि या ‘स्वतः’त देहही धरलेला आहे. म्हणून त्रिविध तापांतला, म्हणजे या तीन प्रकारच्या दुःखांतला, आध्यात्मिक ताप म्हणजे आपल्याच देहामनाचं दुखणं. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातल्या सहाव्या समासाचं नावच ‘आध्यात्मिक ताप’. समाधी, साक्षात्कार असलं काही मिळेल म्हणून उघडाल, तर खरूज, नारू, गोवर अशी दुखण्यांची भलीमोठी यादी समोर येते! शब्द खासगी आहे खरा, पण गोवर खासगी असतो तितकाच.

‘धार्मिक’ म्हणजे समूहात जाऊन धर्म पाळणारा, हेही मराठीला ठाऊक नाही. घरच्या कोपऱ्यात एकटं बसून जपमाळ ओढणाऱ्यालाही आपण धार्मिकच म्हणतो. उलट स्वतःला आध्यात्मिक म्हणवणाऱ्याला बहुधा गुरू असतो, गुरुबंधू असतात, ठरल्या वारी एकत्र ध्यानाला बसणं असतं. याला जुना शब्द ‘संप्रदाय’. त्यात ‘दा’ म्हणजे देणं हा धातू आहे : एकाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेलं. एकट्याचा संप्रदाय होऊच शकत नाही.

मला यात सगळ्यात आवडतो तो ‘भक्ती’ शब्द. आपण तो अगदी आतला, मनातल्या मनातला समजतो. पण धातू ‘भज्’ : वाटणं, वाटा घेणं. भाग, विभाग, विभक्त, भाजक ही सगळी त्याचीच भावंडं. ‘भात’सुद्धा ‘भक्त’पासूनच आला. भजन एकट्याने करता येतं, पण शब्दाच्या मुळाशी वाटेकरी आहेत. (व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही, हे मान्य. तरी नजरेआड करू नये.)

तर वाक्य वापरावं का? वापरा, पण त्यात दोन वेगळे नकार एकत्र कोंबलेले असतात, ते सोडवून घ्या. कर्मकांड नको असेल तर ‘श्रद्धा आहे, कर्मकांड मानत नाही’ म्हणा. माणसांची गर्दी नको असेल तर ‘माझी उपासना मी एकटाच करतो’ म्हणा. पूजाअर्चा मनापासून करणारा पण देवळात न फिरकणारा माणूस दुसऱ्या वाक्यात बसतो, पहिल्यात नाही. आणि यांपैकी काहीच उघड करायचं नसेल, तर ‘भाविक’ आहेच.