पाठ्यपुस्तकं डिजिटल झाली, तरी स्वस्त का होत नाहीत?

कारण कागद आणि छपाई हा खर्चाचा एक भागच. लेखन, संपादन, आकृत्या, तज्ज्ञांकडून तपासणी हे फाइल बनवली तरी करावंच लागतं.

पण खरी गोम वेगळी आहे. छापील पुस्तक एकदा विकलं की पुढे दोन-तीन हातांतून फिरायचं, आणि त्यातून प्रकाशकाला दमडीही मिळायची नाही. म्हणून आता पुस्तक नाही, वापरायची परवानगी विकतात. पिअर्सन या मोठ्या प्रकाशन कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या पुस्तकांसाठी 'आधी डिजिटल' धोरण जाहीर केलं, ते याच वाटेवरचं. मुदत संपली की पुस्तक उघडायचा कोड बंद. तुम्ही केलेल्या खुणा, टिपणं? बहुतेक वेळा तीही गेली.

एका अडचणीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. समीकरण नुसतं चित्र म्हणून टाकलं, तर अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तिथे वाचायला काही नसतंच. तो 'चित्र' म्हणतो आणि पुढे सरकतो. तेच मॅथएमएलमध्ये, म्हणजे गणित लिहायच्या संगणकीय भाषेत लिहिलं तर अंश-छेदासकट वाचता येतं. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकांना सुलभतेचे नियम लागू झालेत, त्यामुळे तिथे पुस्तकं विकायची तर हे काम आता सहसा टाळता येत नाही.

एआयने प्रश्नपेढी मिनिटांत तयार होते खरी, पण चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे येतं. म्हणजे तपासणारा माणूस लागतोच (त्याचा पगारही आलाच).

इंग्रजी चालत असेल तर विकत घेण्याआधी ओपनस्टॅक्सवर शोधा. राइस विद्यापीठाचा उपक्रम आहे, पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात.